खांद्याच्या पात्याखाली

आबा,

मी एका वर्षभराच्या शिक्षणाला बसले आहे. वय एक्कावन्न, डोळ्यांना चष्मा, गुडघे कुरकुरतात, आणि महिन्यातले तीन दिवस मी जमिनीवर बसून दुसऱ्याच्या पाठीवर हात कसा ठेवायचा ते शिकते. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "आनि हापिसनं काय?" ऑफिस चालू आहे. कॉलेजातली खिडकीमागची माझी जागा अजून माझीच आहे. दर महिन्याचा दुसरा शुक्रवार आणि शनिवार मी रजा टाकते, रविवार सुटीचाच असतो. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, हल्ली कॉलेजात फॉर्मांवर शिक्के मारतानाही माझं लक्ष त्या शुक्रवाराकडे लागलेलं असतं.

या विद्येला शिआत्सु म्हणतात. जपानी शब्द आहे, बोटांनी दाब देणं एवढाच त्याचा अर्थ. तेल नाही, कपडे उतरवणं नाही. माणूस साध्या सुती कपड्यांत गादीवर पडतो आणि आपण तळहातांनी, अंगठ्यांनी, कधी कोपराने त्याच्या पाठीवर, पायांवर, पोटावर सावकाश दाब देत जायचं. गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. गोळ्या झाल्या, शेक झाला. मग शेजारणीने मेहरूणला तलावाकडे राहणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. बाई साठीच्या आहेत. यजमानांच्या नोकरीमुळे बारा वर्षं जपानात राहिल्या, तिथे एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडे हे शिकल्या, आणि यजमान गेल्यावर माहेरच्या गावी जळगावला परत आल्या. त्यांच्याकडे सहा-सात वेळा गेले आणि एके दिवशी माझा हात आपोआप डोक्यामागे गेला. मी विचारलं, "तुम्ही नेमकं केलंत काय?" त्या गादीची घडी घालता घालता म्हणाल्या, "सांगून कळायचं नाही. वर्षभराचा वर्ग सुरू करतेय. यायचं असेल तर या." रिक्षाने घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

घरी सांगितलं तेव्हा हे पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून म्हणाले, "पन्नाशी उलटल्यावर लोकांचे हातपाय दाबायला जाणार?"

"शिकायला जाणार," मी म्हटलं.

त्यांनी पेपराची घडी घातली. मग अगदी हळू म्हणाले, "तुझ्या वडिलांनी पाठीवर पोती वाहून तुला शिकवलं, ते यासाठी?"

रागाने नाही म्हणाले, आबा. तुमच्याविषयी यांच्या मनात किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. लग्न ठरताना त्यांच्या घरात 'हमालाची पोरगी' म्हणून कुजबुज झाली तेव्हा यांनीच सगळ्यांना गप्प केलं होतं. म्हणून तर ते वाक्य मला लागलं. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली आणि ती इतकी मळली की पोळ्या ताणल्या तरी तुटेनात. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरून आले.

वर्गात आम्ही दहा जण. आठ बाया आणि दोन पुरुष. पहिल्या दिवशी बाईंनी आम्हाला जोडीजोडीने बसवलं, एकाने पालथं पडायचं, दुसऱ्याने शेजारी गुडघे टेकून बसायचं. सगळ्यांनी कणकेच्या गोळ्यावर चढावं तसं जोडीदाराच्या पाठीवर चढून दाबायला सुरुवात केली. बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, "ढकलू नका. हात नुसता ठेवा आणि तुमचं वजन त्यावर येऊ द्या. जोर लावलात की समोरचं अंग आकसून घेतं. मग कितीही दाबा, काही पोचत नाही."

ते ऐकलं आणि मला धुळ्याची आपली खोली दिसायला लागली.

संध्याकाळ आहे. तुम्ही मार्केट यार्डातून आला आहात. शर्ट दाराबाहेरच झटकता, कारण मिरचीचे दिवस आहेत आणि ती धूळ आत आली की माय आणि मी शिंकून हैराण होतो. माय चुलीशी बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापते आहे. तुम्ही भिंतीकडेला गोधडीवर पालथे पडता आणि हाक मारता, "ये वं पोरी." मी सहा-सात वर्षांची असेन. एका हाताने भिंत धरते आणि तुमच्या कमरेवर दोन्ही पाय ठेवून उभी राहते. मी पाय रोवायला लागते तर तुम्ही म्हणता, "जोर नको लावू. नुसती उभी राय." मी नुसती उभी राहते. "आते जराशी वर." मी पाऊलभर वर सरकते. तुमची पाठ माझ्या तळव्यांना कोमट आणि खरबरीत लागते, सारवलेल्या जमिनीवर ऊन पडलेलं असावं तशी. मानेच्या खाली, जिथे पोत्याचा भार बसायचा, तिथे मांसाचा एक जाड थर झाला होता. तिथपर्यंत आले की तुम्ही लांब श्वास सोडायचात आणि तुमचं बोलणं थांबायचं. माय म्हणायची, "झोपी गया वाटस." तुम्ही झोपलेले नसायचात. मी उतरायला पाय उचलला की गोधडीतून आवाज यायचा, "आखो जराशी."

त्या दिवशी वर्गात बाकीचे नऊ जण वजन देणं म्हणजे काय ते समजून घेत होते. मला ते आधीपासून येत होतं. पण पायांना येत होतं, हातांना नाही.

आता तो दिवस सांगते. आपण दोघांनी त्याविषयी कधी एक शब्द काढला नाही. मी अकरा वर्षांची होते. शाळेत त्या दिवशी बाईंनी माझी वही सगळ्या वर्गाला दाखवली होती आणि ते तुम्हाला सांगायला मी संध्याकाळपासून दारात उभी होते. तुम्ही नेहमीपेक्षा उशिरा आलात. काही न बोलता आत गेलात आणि भिंतीकडेला पालथे पडलात. तुम्ही मला बोलावलं नव्हतं, हे मला आता आठवतं. मी आपली नेहमीसारखी धावत आले आणि तुमच्या पाठीवर उभी राहिले, आज तर जरा वरच, खांद्यांजवळ. तुम्ही ओरडलात. तसा आवाज मी तुमच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. हात मागे फिरवून तुम्ही मला झटकलंत आणि मी माठाच्या तिवईवर जाऊन आदळले. माठ फुटला. पाणी चुलीपर्यंत गेलं.

"परत अंगवर चढानं नही," तुम्ही म्हणालात. "मोठी व्हयनी तू आते."

माय फडकं घेऊन पाणी टिपत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. मी मनगटावरचं खरचटलेलं तोंडात धरून बसले. शाळेतल्या वहीचं सांगायचं राहून गेलं.

आबा, त्या वर्षी माझं अंग बदलायला लागलं होतं. ते कोणाला सांगायचं नसतं एवढं मला कळत होतं, आणि तुम्हाला ते दिसलं असेल असं माझ्या मनात आलं. माझ्या अंगात आता काहीतरी असं झालंय की ते बापालाही नकोसं वाटतं, अशी माझी समजूत झाली. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय सुचणार. त्यानंतर मी तुमच्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही, जवळ नेऊन खाली ठेवायची. लग्नात तुमच्या पाया पडले तेव्हा माझी बोटं तुमच्या पायांच्या अलीकडे, सतरंजीलाच लागली होती.

त्या दिवसानंतर आठवड्याभरात घरी एक खुर्ची आली. लोखंडी, घडीची, मार्केट कमिटीच्या ऑफिसातून निकामी म्हणून काढलेली, एका पायाला तार गुंडाळलेली. ती तुमच्या डोक्यावरून नाही आली. तुमचे जोडीदार चाचा ती घेऊन पुढे चालत होते आणि तुम्ही मोकळ्या हातांनी मागून. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुम्ही मला म्हणालात, "आतेपाईन जमीनवर बठानं नही. खुर्चीवर बठीसन अभ्यास कर." मला वाटलं, अंगापासून दूर केलं आणि आता वर उचलून बाजूला ठेवताहेत. पण त्या खुर्चीवर बसूनच मी दहावी झाले, बारावी झाले, टायपिंग शिकले.

आणि मी नोकरीला लागल्यावर तुम्ही एकदा जळगावला आला होतात, आठवतं? न कळवता. प्रवेशाचे दिवस होते, खिडकीपुढे पोरांची रांग लागली होती. मान वर न करता मी "पुढचा" म्हटलं आणि समोर तुम्ही. धुतलेलं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. तुम्ही पोरांच्या मागे रांगेत उभे राहून आला होतात.

"काय झालं, आबा?" मी घाबरून विचारलं.

"काही नही," तुम्ही म्हणालात. "नुसतं देखाले उनू."

खिडकीतून वाकून तुम्ही माझी खुर्ची पाहिलीत, डोक्यावरचा पंखा पाहिलात, आणि बाजूला झालात. मागच्या पोराला म्हणालात, "ये भाऊ, तुना नंबर शे." चहा घेतलात आणि दुपारच्या गाडीने परत गेलात. हे सगळं मला यांच्या त्या प्रश्नानंतर फार आठवलं. त्या खुर्चीवरून उठून मी पुन्हा जमिनीवर बसायला निघाले होते, आणि तुम्हाला ते कसं वाटलं असतं ते मला खरंच कळत नव्हतं.

वर्गाचे पहिले तीन महिने बरे गेले. बायांबरोबर माझा हात चांगला चालायचा. बाईंनी शिकवलं की दोन हातांतला एक आईचा आणि एक लेकराचा. आईचा हात एका जागी थांबतो. लेकराचा हात इकडेतिकडे फिरतो, शोधतो. आईचा हात उचलायचा नाही, कारण खाली पडलेल्या माणसाला त्याचाच आधार असतो. मला हे फार आवडलं. मग चौथ्या महिन्यात जोड्या बदलल्या आणि माझ्या वाट्याला वर्गातले निवृत्त मास्तर आले. सत्तरीकडे झुकलेले, सज्जन माणूस. ते पालथे पडले आणि मी त्यांच्या पाठीकडे हात नेला. हात कपड्यापर्यंत जायचा आणि मागे यायचा. टेकवला तरी त्यात माझं वजन येईना. मास्तरांनी मान वळवून विचारलं, "ताई, बरं नाही का तुम्हाला?"

बाई लांबून पाहत होत्या. सगळे चहाला उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुमचा हात पोचतो आणि लगेच मागे फिरतो," त्या म्हणाल्या. "ही पाठ मास्तरांची नाहीये ना?"

मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. यांनासुद्धा नाही. बाईंना सांगितलं, माठ फुटल्याचंही सांगितलं. त्यांनी ना मला समजावलं, ना पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, "वडील नाहीत म्हणता. मग कष्ट केलेली दुसरी एखादी पाठ शोधा. त्याच माणसाला बारा वेळा दाब द्या. मास्तरांना मी दुसऱ्या कोणाकडे देते तोवर."

अशी पाठ मला एकच माहीत होती.

चाचा आता ऐंशीच्या पुढे आहेत, आबा. तुम्ही दोघं तीस वर्षं एकाच टोळीत होतात, एकाने पोतं उचलून दिलं की दुसऱ्याने वाहायचं. तुम्ही गेल्यावर मी त्यांच्याकडे एकदाच गेले होते, माय वारली तेव्हा सांगायला. या वेळी रविवारी सकाळच्या गाडीने धुळ्याला उतरले आणि मार्केटमागच्या त्यांच्या गल्लीत गेले तर ते ओट्यावर उन्हात बसलेले. चष्म्यातून बराच वेळ पाहिलं आणि ओळखलं. मी कशाला आले ते सांगायला मला अवघड गेलं. त्यांच्या सुनेपुढे, चहाची बशी हातात धरून, मी कसंबसं सांगितलं की असं असं शिकते आहे आणि सरावाला माणूस हवा आहे. सून पदराआड हसली. चाचा हसले नाहीत.

"हमालनी पोर हमालनी पाठ दाबाले उनी," ते म्हणाले. "चांगलं शे. आते माले कोन हात लावस? डॉक्टरबी कागद देखीसनच गोळी लिखस."

सुनेने पुढच्या खोलीत गादी घातली आणि स्वतः उंबऱ्यात भाजी निवडत बसली. चाचा पायजमा-बंडीत पालथे पडले. मी गुडघे टेकले आणि हात पुढे नेला. हात टेकला. बंडीच्या कापडाखाली, मानेच्या खाली, तोच मांसाचा जाड थर होता. इतक्या वर्षांनी, काम सुटल्यावरही तो गेला नव्हता. मी तिथे तळहात ठेवला आणि थांबले. चाचांनी लांब श्वास सोडला. तो श्वास मला ओळखीचा होता. पहिल्या दिवशी मी त्यापुढे काही केलंच नाही, अर्धा तास तिथेच हात ठेवून बसले. उठताना त्यांनी पुढच्या खेपेचं विचारलं, "आखो कधळ येशी?"

तिसऱ्या खेपेला ते झालं. मी उजव्या खांद्याच्या पात्याखाली अंगठा टेकवला आणि चाचांचं अंग जरासं आखडलं. मी विचारलं, इथे दुखतं का. म्हणाले, एकदा पोतं लागलं होतं, जुनं आहे. मग गादीत तोंड असतानाच सहज म्हणाले, "तुना बापलेबी आठेच लागेल व्हतं."

"कधी?" मी विचारलं.

"तू शाळामा व्हती. ट्रक भराना व्हता. फळी सरकनी आनि थप्पीवरनं पोतं उनं त्यानी पाठवर. तुमना घरना माठ फुटना ना, त्याच दिनले."

माझा अंगठा तिथेच होता. चाचा सांगत गेले. दोन बरगड्यांना तडा गेला होता. टोळीवाल्यांनी दवाखान्यात चला म्हटलं तर तुम्ही नको म्हणालात आणि चालत घरी आलात. दुसऱ्या दिवशी हाडवैद्याने शर्टाखालून दिसणार नाही असं कापडाने आवळून बांधलं. दोन महिने तुमच्या वाट्याची पोती चाचांनी वाहिली आणि तुम्ही सावलीत बसून पोत्यांची तोंडं शिवलीत. खुर्ची चाचांच्या डोक्यावरून का आली ते मला तेव्हा, चाळीस वर्षांनी, त्यांच्या गादीशी बसून कळलं.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुनी मायले माहीत व्हतं. तुले सांगानं नही म्हने. तू पाठवर उभी राहनी आनि त्यानी आरोळी मारी. म्हने, पोरले सांगं तर तिले वाटी, मीच बापनी पाठ मोडी. मंग ती जलमभर कोनलेच हात लावनार नही." चाचांनी गादीवर तोंड दुसरीकडे वळवलं. "आते तो नही शे. सांगाले काय हरकत."

सुनेचं भाजी निवडणं थांबलं होतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी चाचांच्या बंडीवर पडलं आणि ते त्यांना कळलं असावं. मी हात उचलायला गेले.

"हात नको काढू," ते म्हणाले. "बरं वाटी ऱ्हायनं."

मी हात काढला नाही. रडत रडत दोन्ही हात तसेच ठेवले, डावा थांबलेला, उजवा हळूहळू खाली सरकणारा, आणि त्यांची पूर्ण पाठ केली. मग कंबर केली, पाय केले. तासाभराने चाचा खरोखर झोपले होते. सुनेने मला तोंड धुवायला पाणी दिलं, आणि जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत मला तुमचा राग येत होता. एक वाक्य सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी घाबरले असते, दोन दिवस रडले असते, मग विसरले असते. ज्याची भीती वाटली म्हणून तुम्ही गप्प राहिलात तेच झालं, फक्त दुसऱ्या वाटेने. मी खरंच कोणाला हात लावला नाही. माझी स्वतःची मुलगी तापाने फणफणली की मी कपाळावर पट्ट्या ठेवायचे, जवळ घ्यायला मला आठवण करावी लागायची. ती आता तिच्या संसारात आहे आणि फोनवर माझ्याशी छान बोलते, पण भेटली की आम्ही दोघी एकमेकींपासून हातभर लांब उभ्या राहतो. हे सगळं मी त्या गाडीत तुम्हाला मनातल्या मनात सुनावलं.

एरंडोलच्या पुढे राग ओसरला. बरगड्या मोडलेला माणूस यार्डापासून घरापर्यंत चालत येतो, अंग टाकतो, आणि त्याच जागी लेक येऊन उभी राहते. तुम्हाला काय झालं असेल ते आता मला हातांनी कळतं, कारण ती जागा कुठे असते आणि तिथे काय काय असतं ते मी शिकले आहे. इतकं दुखत असतानाही तुम्ही विचार केलात तो माझा. 'मोठी झाली' हे तुम्हाला त्या क्षणी सुचलेलं पहिलं कारण असणार. तुम्हाला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते इतकं वाईट जमलं.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं, माठापासून. ते ऐकत राहिले. पुढच्या खेपेला स्वतःच स्कूटरवर मला स्टँडवर सोडायला आले आणि चाचांसाठी केळ्यांची फणी पिशवीत घातली. त्यांच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही आणि त्यांनी परत विचारलेलं नाही. नातेवाइकांना ते अजून 'योगाचा कोर्स करते' असंच सांगतात. मध्यंतरी एका दुपारी मात्र मान अवघडली म्हणून गादीवर येऊन पडले, आणि मी हात ठेवल्यावर पाच मिनिटांत घोरायला लागले.

वर्गाचे आता दोन महिने उरले आहेत. चाचांच्या बारा खेपा कधीच झाल्या, तरी मी पंधरवड्याला जाते. मास्तरांची पाठही झाली. बाईंनी मला त्यांच्या घरातली बाहेरची खोली, वर्ग किंवा धुळ्याची खेप नसेल त्या रविवारी सकाळी, वापरायला दिली आहे. असोद्याहून दोघी जावा येतात, केळीच्या बागेत घड वाहून त्यांचे खांदे भरून येतात. त्यातली थोरली पहिल्या दिवशी म्हणाली, "पोरं झाली तवाच कोनी आंग चोळलं व्हतं माह्यं, त्याच्यानंतर आजच." मी ऑफिस सोडणार नाही, निवृत्तीपर्यंत खिडकीतच बसेन. पण जमिनीवर बसते तेव्हा मला ते खाली उतरल्यासारखं वाटत नाही. तुम्हाला तसं वाटलं असतं का, हे विचारायला आता तुम्ही नाही आहात, तेव्हा मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे.

मुलगी पुढच्या आठवड्यात चार दिवस येते आहे. तिला म्हटलं, तुझे पाय दाबून देईन. ती फोनवर म्हणाली, "बरं."

हे कागद पाठवायचे कुठे हा प्रश्नच नाही. कपाटात साड्यांच्या घडीत ठेवीन. एक मात्र लिहायचं राहिलं आहे, आणि ते चाचांनाही सांगितलेलं नाही, बाईंनाही नाही. तुम्ही धुळ्याच्या दवाखान्यात होतात त्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी नर्स मला म्हणाली होती, त्यांना कुशीवर वळवू या, पाठ पुसून पावडर लावायची आहे, जरा धरता का. तुम्ही जागे होतात. माझ्याकडेच पाहत होतात. मी पर्स उचलली आणि म्हटलं, माझी जळगावची गाडी सुटेल. तुम्ही मान हलवलीत, जा म्हणून. आबा, जळगावला तर दर अर्ध्या तासाला गाडी होती. मी स्टँडवर गेलेच नाही. दवाखान्याच्या आवारात, तुमच्या खिडकीखालच्या बाकावर ऊन उतरेपर्यंत बसून होते.